समुद्र न पाहिलेल्या वर्गासाठी महासागर आणि खंड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. पाचवी ते आठवीच्या वर्गात भूगोल शिकवताना समोरच्या चाळीस मुलांपैकी समुद्र पाहिलेली दोन-चारच निघतात. तरी मुलं जे प्रश्न विचारतात ते नुसत्या पाठांतराने सुटणारे नसतात. मुलांचे, पालकांचे आणि नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांचे असे प्रश्न मी वर्षानुवर्षं वहीत टिपत आलो. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत.

ज्या मुलांनी समुद्र पाहिलाच नाही, त्यांना महासागर शिकवायला कुठून सुरुवात करावी?

नदीपासून. गावाजवळ जी असेल तिच्यापासून: गिरणा, पांझरा, वाघूर, अनेर, बोरी, गोमाई. सहावीतल्या एका मुलाने एकदा मला विचारलं, "सर, तापीनं पानी कथा जास?" (तापीचं पाणी कुठे जातं?) त्या दिवशी खंडांची यादी मी बाजूला ठेवली. त्याला नकाशाजवळ बोलावलं आणि तापीवर बोट ठेवायला सांगितलं. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम. बऱ्हाणपूर ओलांडून नदी आपल्याकडे येते, चांगदेवला पूर्णा मिळते, मग हतनूरचं धरण, भुसावळ, मुडावदला पांझरा, प्रकाशाला गोमाई. पुढे गुजरातेत उकाई, सुरत आणि खंबातचं आखात. एकूण ७२४ किलोमीटर. बोट सुरतेशी आलं आणि थांबलं, कारण पुढे नुसता निळा रंग होता.

"थांबू नको," मी म्हटलं. "निळ्यावरून बोट न उचलता जिथवर जाता येईल तिथवर जा." अरबी समुद्रातून ते हिंदी महासागरात उतरलं, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून अटलांटिकमध्ये गेलं, दक्षिण अमेरिकेच्या खालून पॅसिफिकमध्ये, तिथून वर थेट आर्क्टिकपर्यंत. बोट एकदाही उचलावं लागलं नाही. महासागरांची नावं पाच असली तरी पाणी एकच आहे, हे त्या वर्गाला वेगळं सांगावं लागलं नाही.

गिरणेकाठच्या शाळांनी आणखी एक गोष्ट दाखवावी. गिरणा आणि गोदावरी दोघी नाशिक जिल्ह्यातल्या डोंगरांत उगम पावतात. गिरणेचं पाणी तापीला मिळून पश्चिमेला अरबी समुद्रात जातं, गोदावरीचं सगळा देश ओलांडून पूर्वेला बंगालच्या उपसागरात. एकाच जिल्ह्यात पडलेल्या दोन थेंबांची तोंडं दोन दिशांना होतात, आणि तरी दोन्ही शेवटी हिंदी महासागराचेच होतात.

महासागर चार की पाच? आमच्या वडिलांच्या पुस्तकात चारच होते.

वडिलांचं पुस्तक चुकीचं नव्हतं. पॅसिफिक (जुन्या पुस्तकांत प्रशांत), अटलांटिक, हिंदी आणि आर्क्टिक असे चार महासागर पूर्वी शिकवले जात. अंटार्क्टिकाभोवतीच्या पाण्याला दक्षिण महासागर म्हणून वेगळं मोजायला नंतर सुरुवात झाली. ६० अंश दक्षिण अक्षवृत्ताच्या खालचा हा पट्टा. तिथे जमिनीचा अडसर नसल्याने थंड पाण्याचा एक प्रचंड प्रवाह अंटार्क्टिकाला सतत प्रदक्षिणा घालत असतो, आणि त्या पाण्याचं तापमान, क्षारता, त्यातले जीव उत्तरेकडच्या पाण्यापेक्षा वेगळे आहेत. नॅशनल जिओग्राफिकने २०२१ साली आपल्या नकाशांवर त्याला पाचवा महासागर म्हणून स्थान दिलं. परीक्षेत पाच लिहा, आणि चार कुठून आले तेही माहीत असू द्या.

समुद्र, उपसागर, आखात यांत नेमका फरक काय?

महासागर सर्वांत मोठा. त्याचा जमिनीलगतचा, काहीसा वेढलेला भाग म्हणजे समुद्र. जमिनीत रुंद शिरलेलं पाणी म्हणजे उपसागर आणि अरुंद, खोलवर शिरलेलं आखात. बंगालचा उपसागर हा जगातला सर्वांत मोठा उपसागर. या व्याख्या काटेकोर नाहीत. नावं माणसांनी आपापल्या काळात दिली, त्यामुळे अपवाद सापडतातच. त्यावर मुलांचे गुण कापू नयेत असं माझं मत आहे.

युरोप आणि आशिया नकाशावर एकमेकांना चिकटलेले दिसतात. मग खंड दोन का?

हा प्रश्न विचारणारं मूल नकाशा खरोखर पाहतं आहे, त्याला शाबासकी द्या. युरोप आणि आशिया हा जमिनीचा एकच सलग तुकडा आहे. रशियातला उरल पर्वत, उरल नदी आणि कॉकेशस पर्वत अशी सीमा मानली जाते, पण ती इतिहासाने पाडलेली. काही देशांत दोन्ही मिळून एकच खंड शिकवतात, तर काही ठिकाणी दोन्ही अमेरिका एकत्र मोजतात. आफ्रिकासुद्धा आशियाला सुएझजवळ जोडलेलाच होता, १८६९ साली तिथे कालवा सुरू झाला. चहूबाजूंनी पाणी असलेले खंड दोनच: ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका.

ऑस्ट्रेलिया हा देशही आहे आणि खंडही. न्यूझीलंड आणि पॅसिफिकमधली असंख्य बेटं त्यात धरली की त्या सगळ्या भागाला ओशनिया म्हणतात.

आकारांची तुलना मुलांच्या लक्षात राहत नाही. कोटी चौरस किलोमीटर म्हणजे त्यांना काहीच वाटत नाही.

वाटणार कसं? मोठ्यांनाही वाटत नाही. आमच्या वर्गात आम्ही शेंगदाणे वापरतो. शंभर दाणे मोजून ताटात घ्या. हे शंभर दाणे म्हणजे पृथ्वीचा सगळा पृष्ठभाग, सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर. आधी पाणी वेगळं काढायचं: ७१ दाणे. मुलं इथेच चमकतात, कारण ताटात उरलेले २९ फारच थोडे दिसतात.

आता पाण्याच्या ढिगातून ३३ दाणे पॅसिफिकचे मोजा. अटलांटिकचे १७, हिंदी महासागराचे १४, दक्षिण महासागराचे ४ आणि आर्क्टिकचे ३. मग पॅसिफिकचा ढीग आणि जमिनीचा ढीग शेजारी ठेवा. सातही खंड उचलून पॅसिफिकमध्ये टाकले तरी जागा उरते, हे मुलं स्वतःच ओरडून सांगतात.

जमिनीसाठी काही दाण्यांच्या दोन पाकळ्या कराव्या लागतात आणि शेंगदाणा त्यासाठीच सोयीचा. आशिया साडेआठ दाणे, आफ्रिका सहा, उत्तर अमेरिका पाच, दक्षिण अमेरिका साडेतीन, अंटार्क्टिका अडीच, युरोप दोन आणि ऑस्ट्रेलिया-ओशनिया दीड. हिशेब ढोबळ आहे, पण क्रम आणि प्रमाण बरोबर आहे. आपला भारत यात कुठे? ३२.८७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे एका दाण्याच्या दोन-तृतीयांशापेक्षाही थोडा कमी. तेवढा तुकडा नखाने तोडून ताटात ठेवला की वर्ग काही क्षण गप्प होतो.

तास संपल्यावर दाणे खाऊन टाकायचे. कोण पॅसिफिक खाणार यावरून भांडणं होतात, ती होऊ द्यावीत.

ग्रीनलँड आफ्रिकेएवढा दिसतो. तो खरंच एवढा मोठा आहे का?

नाही. आफ्रिका ग्रीनलँडच्या सुमारे १४ पट मोठा आहे. आपला भारतही ग्रीनलँडपेक्षा दीडपट आहे. दोष नकाशाच्या कागदाचा. एक मोसंबी घ्या, तिच्यावर पेनाने खंड काढा, मग साल सोलून ती फरशीवर सपाट दाबा. ती फाटतेच. न फाटता सपाट करायची तर वरचा आणि खालचा भाग ताणावा लागतो. शाळेत टांगलेले बरेच नकाशे असेच ताणलेले असतात, म्हणून ध्रुवांजवळचे प्रदेश फुगलेले दिसतात. शाळेत पृथ्वीगोल असेल तर तो कपाटात कुलूपबंद ठेवू नका. हात लागून तो थोडा झिजला तरी चालेल.

नद्यांचं पाणी गोडं, मग ते जिथे जातं तो समुद्र खारट कसा?

घरातलं भांडं दाखवा. बोअरचं पाणी ज्या पातेल्यात रोज तापतं त्याच्या तळाशी काही महिन्यांत पांढरा थर धरतो. पाणी वाफ होऊन गेलं, त्यातले क्षार मागे राहिले. समुद्राचंही असंच होतं, फक्त पातेलं फार मोठं आणि वेळ कोट्यवधी वर्षांचा. नद्या वाहताना खडकांतले क्षार थोडेथोडे विरघळवून नेतात. जिभेला ते कळत नाहीत, म्हणून आपण त्या पाण्याला गोडं म्हणतो. समुद्रावरून वाफ उडते ती शुद्ध पाण्याची, क्षार तिथेच साचतात. समुद्राच्या तळाशी असलेले ज्वालामुखी आणि उष्ण पाण्याचे झरेही त्यात भर घालतात.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात, साधारण दोन मोठे चमचे मीठ. वर्गात एका बाटलीत तेवढं मीठ घालून प्रत्येकाला जिभेवर एकच थेंब द्या. पृथ्वीवरच्या एकूण पाण्यापैकी सुमारे ९७ टक्के पाणी असं आहे, हे तोंड वाकडं केल्यावर चांगलं लक्षात राहतं.

समुद्र किती खोल असतो?

आमच्याकडे मुलांना ठाऊक असलेला डोंगर म्हणजे सातपुड्यातला अस्तंभा. दिवाळीच्या यात्रेला कित्येक घरची माणसं तिथे चढून जातात. त्याची उंची १,३२५ मीटर. महासागरांची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर आहे, म्हणजे जवळजवळ तीन अस्तंभे एकावर एक. पॅसिफिकमधल्या मारियाना गर्तेतलं चॅलेंजर डीप हे सर्वांत खोल ठिकाण सुमारे १०,९०० मीटर आहे. तिथे आठ अस्तंभे बुडतील. ८,८४९ मीटरचं एव्हरेस्ट त्यात उभं केलं तरी शिखरावर दोन किलोमीटर पाणी राहील.

त्या तळाशी माणूस पहिल्यांदा पोहोचला २३ जानेवारी १९६० रोजी. ट्रिएस्ट नावाच्या पाणबुडीतून जाक पिकार आणि डॉन वॉल्श हे दोघे गेले होते. भारतही आता ‘मत्स्य ६०००’ हे तीन माणसांना ६,००० मीटर खाली नेणारं वाहन तयार करतो आहे.

खंड सरकतात हे खरं आहे का? आपल्याला तर काही जाणवत नाही.

खरं आहे, आणि याचा पुरावा पाहायला खानदेशाइतकी चांगली जागा क्वचितच मिळेल. म्हणून या उत्तराला मी जरा जास्त जागा घेतो.

जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ साली मांडलं की सगळे खंड एकेकाळी एकत्र होते. त्या महाखंडाला पँजिया म्हणतात. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी तो फुटायला लागला. दक्षिणेकडच्या भागाचं नाव गोंडवाना. हे नाव मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून पडलं, आपल्या सातपुड्याच्याच पूर्वेकडचा तो मुलूख. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया आणि भारत या सगळ्यांच्या जुन्या एकत्र घराचं नाव आपल्या शेजारचं आहे, हे आपल्या मुलांना माहीत असायलाच हवं.

पुढे भारत सुटा होऊन उत्तरेकडे निघाला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला, हिंदी महासागरात एखाद्या प्रचंड बेटासारखा होता. आज जिथे रियुनियन बेट आहे, तिथल्या तप्त ठिकाणावरून जाताना जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हा थरावर थर पसरत गेला. तो थंड होऊन झालेला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. तो झिजून आपली काळी माती झाली, जिच्यात आज कपाशी उभी आहे. म्हणजे धुळ्याच्या शेतकऱ्याच्या पायाखालची जमीन मूळची इथली नाही. ती महासागरावरून प्रवास करून आली आहे.

मुलांना बाहेर नेऊन हे दाखवता येतं. नाल्याच्या काठचा काळा दगड उचलला तर त्यावर बारीक भोकं दिसतात. ते लाव्ह्यातून सुटलेल्या वायूचे बुडबुडे. काही भोकांत पांढरे, चमकणारे खडे भरलेले असतात. एका मुलीने असा दगड दप्तरातून आणला होता. "सर, याला देवी आल्या होत्या का?" असं तिने विचारलं आणि मग महिनाभर प्रत्येक दगड उलटून पाहिला. धुळे-नंदुरबारकडे माळरानावर काळ्या दगडाच्या लांबच लांब, भिंतीसारख्या सरळ रांगा दिसतात. त्या कुणी बांधलेल्या नाहीत. भेगांत वर चढलेला लाव्हा तिथेच थिजला, आजूबाजूचा मऊ दगड झिजून गेला आणि भिंत उरली.

भारत पुढे सरकत आशियाला धडकला आणि हिमालय उभा राहिला. ती धडक सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली आणि अजून थांबलेली नाही. आजही आपण वर्षाला जवळपास ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो. बोटाचं नख जवळपास याच गतीने वाढतं. नख वाढताना जाणवतं का?

आपल्या जेवणाचा आणि खंडांचा काही संबंध आहे का?

ताटाएवढा सोपा नकाशा नाही. ज्वारी आणि बाजरी मूळच्या आफ्रिकेतल्या, हजारो वर्षांपूर्वी इकडे आल्या. ज्या मिरचीने नंदुरबारचं मार्केट लाल होतं, ती अमेरिका खंडातली. कोलंबसच्या १४९२ च्या सफरीनंतर ती अटलांटिक ओलांडून युरोपात गेली आणि पोर्तुगिजांच्या गलबतांतून हिंदी महासागरातून भारतात आली. त्याआधी इथल्या स्वयंपाकात तिखटपणा मिरीचा होता. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, शहाद्याकडे पिकणारी पपई मध्य अमेरिकेची, टोमॅटोही तिकडचाच. रावेर-यावलची केळी आग्नेय आशिया आणि न्यू गिनीच्या बाजूने आली. शेतातली बहुतेक कपाशीही अमेरिकन जातीची, पण देशी कापूस आणि भरताचं वांगं मात्र आपल्याच भागातलं.

मुलांना सुट्टीत डबा उघडून प्रत्येक पदार्थाखाली खंडाचं नाव लिहायला सांगा. भाकरी, ठेचा, भरीत एवढ्यात तीन खंड येतात. भरताला शेंगदाणे घातले असतील तर दक्षिण अमेरिकाही. आजीला विचारायला सांगू नका. आजी म्हणेल की मिरची आपली आहे, आणि चारशे-पाचशे वर्षं पिकवल्यावर तिचं म्हणणंही बरोबर आहे.

समुद्र इतका लांब आहे, मग आपल्याला त्याच्याशी काय देणंघेणं?

मृगाच्या पावसाची वाट पाहणाऱ्या घरात हा प्रश्न फार वेळ टिकत नाही. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते. दक्षिण हिंदी महासागरावरून वारे विषुववृत्त ओलांडून इकडे वळतात आणि येताना अरबी समुद्राची वाफ उचलतात. बरंचसं पाणी सह्याद्री अडवून धरतो, म्हणून जळगावला वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस मिळतो. बंगालच्या उपसागरातून कमी दाबाची क्षेत्रं देश ओलांडून नर्मदा-तापीच्या पट्ट्यापर्यंत येतात, तेव्हा मात्र तापी फुगते. ऑगस्ट २००६ मध्ये सुरतेत जो महापूर आला, ते पाणी याच खोऱ्यावर पडलेलं होतं.

थोडक्यात, विहिरीतलं पाणीही एकदा समुद्रातून आलेलं आहे.

अंटार्क्टिका कोणत्या देशाचा आहे?

कोणाचाच नाही. १९५९ च्या करारानुसार तो शांततेसाठी आणि विज्ञानासाठी राखलेला आहे. भारताची पहिली मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली १९८१-८२ मध्ये गेली. पुढे दक्षिण गंगोत्री, १९८९ साली मैत्री आणि २०१२ साली भारती अशी संशोधन केंद्रं उभी राहिली. २१ जुलै १९८३ रोजी तिथल्या व्होस्टोक केंद्रावर उणे ८९.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. मे महिन्यात ४५ अंशांत शाळेतून घरी जाणाऱ्या भुसावळच्या मुलांना मी दोन्ही आकड्यांमधला फरक काढायला देतो. ऋण संख्यांचं गणितही होऊन जातं. आणि एवढ्या बर्फाच्या खंडाला वाळवंट म्हणतात, कारण तिथे पाऊस-बर्फ पडतो फारच थोडा.

मुलं अहिराणीत, पावरीत उत्तरं देतात. चालेल का?

चालेल. आधी कळू द्या, प्रमाण शब्द मागून येतात. जो मुलगा वर्गात गप्प बसायचा, तो आपल्या भाषेत तापीचा रस्ता सांगताना थांबत नव्हता.

नावं पाठ करून घ्यावीत की नाही?

घ्यावीत, पण शेवटी. बोट फिरवून, दाणे मोजून झाल्यावर बारा नावं पाठ व्हायला दोन दिवस पुरतात. कोऱ्या नकाशाच्या आराखड्यावर नावं भरून घेणं तोंडी घोकंपट्टीपेक्षा कितीतरी चांगलं.

सहलीला समुद्र दाखवायचा असेल तर कुठे न्यावं?

सुरतजवळ डुमस. जळगावहून सुरत सुमारे ३०० किलोमीटर, नंदुरबारहून त्याहून बरंच जवळ, आणि रेल्वे बऱ्याच अंतरापर्यंत तापीच्याच खोऱ्यातून जाते. निघताना मुलांना स्टेशनची पिवळी पाटी वाचायला लावा. तिच्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. भुसावळ-जळगावकडे ती २०० मीटरच्या थोडी वर आहे. वाटेतल्या प्रत्येक स्टेशनचा आकडा वहीत उतरवला की गाडी हळूहळू समुद्राच्या पातळीकडे उतरते आहे हे कागदावर दिसतं.

भरती-ओहोटीच्या वेळा आधी बघून ठेवा. खंबातच्या आखातात भरती देशात सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी असते आणि ओहोटीला पाणी फार लांब जातं. त्यामुळे सकाळी पोहोचलेल्या मुलांना कधी नुसता चिखलच दिसतो. चढत्या भरतीत कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका. वाळू काळसर आहे, ती हातात घेऊन पाहू द्या. मग किनाऱ्यावर उभं करून मुखाची बाजू दाखवा, जिथून तापी येऊन मिळते. मागच्या वर्षी तिथे उभी असलेली सातवीतली एक मुलगी बराच वेळ त्या बाजूला पाहत राहिली आणि मग शेजारणीला म्हणाली, "प्रकाशाच्या घाटावर आईने सोडलेला दिवा इथूनच गेला असेल."